चित्रातला सिंह गातो, मग खरा दिसणारा सिंह गाताना खोटा का वाटतो?

पडवीकर (कुडाळ)
नमस्कार मंडळी. मे महिन्यात देवळासमोरच्या मांडवात आमच्या वाडीतल्या मुलांचे संगीत बालनाट्य करायचे आहे. गोष्ट प्राण्यांची असल्यामुळे मुलांना ‘द लायन किंग’चा १९९४ चा मूळ चित्रपट आणि २०१९ ची नवी आवृत्ती असे दोन्ही दाखवले. दोन्ही हिंदीतच पाहिल्यामुळे भाषेची अडचण नव्हती. तरीही नव्या आवृत्तीत गाणे सुरू झाले की मुले चुळबुळ करू लागत, आणि जुन्यात तीच मुले उठून नाचली. अंगावरचा केस न् केस खरा वाटत असताना गाणेच खोटे का वाटावे? तालमीपूर्वी मुलांना असे चित्रपट दाखवावेत, की अमेरिकेत दूरचित्रवाणीवर थेट सादर होणारी संगीत नाटके?

खाडीपल्याड (रत्नागिरी)
मुळात २०१९ चा चित्रपट ‘लाइव्ह-अ‍ॅक्शन’ (म्हणजे चित्रे न काढता कॅमेऱ्याने टिपलेला) म्हणून ओळखला जात असला, तरी सुरुवातीचे सूर्योदयाचे एक दृश्य सोडल्यास तो सगळा संगणकावर घडवलेला आहे. छोट्या सिंबाचे ‘मला राजा व्हायची घाई झाली आहे’ अशा अर्थाचे गाणे दोन्हींत शेजारी ठेवून पाहा. जुन्यात गाणे सुरू होताच माळरान नाहीसे होते, रंग भडक आणि सपाट होतात आणि प्राणी एकमेकांच्या पाठीवर चढून मनोरा रचतात. नव्यात छावे पाणवठ्यावरच्या कळपांमधून धावत राहतात, कारण खऱ्या जिराफाने मनोरा रचलेला शोभणार नाही. शिवाय खऱ्या सिंहाला भुवया उंचावता येत नाहीत आणि ओठांचा चंबूही करता येत नाही, त्यामुळे सूर वर चढला तरी चेहरा जिथल्या तिथेच राहतो. ‘मुलान’ या दुसऱ्या व्यंगचित्रपटाच्या २०२० च्या नव्या आवृत्तीत तर पात्रांची गाणी काढूनच टाकली, रोग्यासकट रोग घालवण्याचा तो प्रकार मला पटला नाही.

मृदंगवाला (वेंगुर्ले)
वरील निदान योग्य आहे, पण दोष हाडामांसाच्या नटाचा नव्हे. हीच गोष्ट १९९७ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवर आली, तेव्हा दिग्दर्शिका ज्युली टेमर यांनी सिंहाचा मुखवटा नटाच्या डोक्यावर ठेवला आणि खाली त्याचा चेहरा उघडा राहू दिला. प्रेक्षकाला माणूस आणि प्राणी दोन्ही एकाच वेळी दिसतात आणि त्याला त्याचे काहीही वाटत नाही. आपल्या कोकणातल्या दशावतारी नाटकात तरी दुसरे काय असते? राजा साध्या बाकड्यावर बसला की त्याचे सिंहासन होते, आणि पायपेटी, मृदंग व झांज यांच्या साथीने पद सुरू झाले की जत्रेतल्या एकाही माणसाला अरण्याचा पडदा लागत नाही. मुलांना आधी एखाद्या जत्रेचे आख्यान दाखवा.

पेटीमास्तर (मालवण)
थेट प्रक्षेपणाविषयी थोडे लिहितो. ही प्रथा जुनी आहे; १९५७ मध्ये ज्युली अँड्र्यूज यांचे ‘सिंड्रेला’ थेट दाखवले गेले, तेव्हा ते १० कोटींहून अधिक लोकांनी पाहिले होते. २०१३ मध्ये ‘द साउंड ऑफ म्युझिक’पासून तिला पुन्हा जोर चढला, पण त्या प्रयोगाला समोर प्रेक्षक नसल्यामुळे प्रत्येक गाणे संपल्यावर जी शांतता पसरे, ती ऐकवत नाही. २०१६ च्या ‘ग्रीस’ या संगीत नाटकाच्या थेट प्रयोगात प्रेक्षक होते आणि पाऊसही होता, गायिका छत्री घेऊन गात निघाली आणि प्रयोग रंगला. उलट २०१९ मध्ये ‘रेंट’च्या नटाचा पाय मोडल्यामुळे शेवटचा भाग वगळता रंगीत तालमीचे चित्रीकरणच दाखवावे लागले.

त्याच वर्षी ‘द लिटिल मर्मेड’मध्ये मूळ चित्रपट पडद्यावर चालवून फक्त गाणी रंगमंचावर गायली गेली, म्हणजे गाणे रंगात यावे आणि लगेच पुन्हा चित्रपट सुरू व्हावा! ‘कट्यार काळजात घुसली’ हे १९६७ चे नाटक आणि त्यावरचा २०१५ चा चित्रपट मला दोन्ही आवडतात, पण वन्समोर घेता येतो तो नाटकातच. तेव्हा मुलांना ‘ग्रीस’मधला तो पावसातला आरंभ तेवढा दाखवा, मे महिन्यातल्या वळिवाची तयारीही होईल.

पडवीकर (कुडाळ)
सर्वांचे आभार. मुखवटे डोक्यावर बांधायचे ठरले आहे. मात्र पुठ्ठ्याचा मुखवटा नाचताना मुलांच्या डोळ्यांवर घसरतो, त्याला काय करावे?

मृदंगवाला (वेंगुर्ले)
नाडी बांधू नका. जुन्या कापडी टोपीवर मुखवटा शिवून घ्या आणि पुठ्ठ्याऐवजी सुपारीच्या विरीचा (झावळीच्या बुंध्याकडच्या रुंद, चिवट सालीचा) करा. तो हलका होतो आणि घामाने भिजून मऊही पडत नाही.