लॉकडाऊननंतर मुलांचं नैराश्य कसं तपासायचं?

प्रश्न: गोवंडीतल्या १३ ते १७ वयाच्या मुलांसोबत काम सुरू करतोय. मार्च २०२० नंतर अनेकांची शाळा तुटली, ती पुन्हा नीट जोडलीच गेली नाही. प्रश्नावली वापरायची का? कशी?

उत्तर १: पीएचक्यू-९ ही नैराश्य तपासायची प्रश्नावली चालते, किशोरांसाठी बदललेली आवृत्तीही आहे. गेल्या २ आठवड्यांबद्दल ९ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण. १० किंवा जास्त आले तर पुढे तपासणी हवीच, पण तेवढ्यावरून निदान होत नाही. गडबड होते ती जागेमुळे. दहा बाय बाराच्या खोलीत आई, भावंडं ऐकत असताना मूल सगळ्याला 'नाही' म्हणतं. बालवाडीची खोली रिकामी असते ती वेळ मागून घ्या. आणि 'उदास वाटतं का?' एवढंच विचारू नका. या वयात नैराश्य चिडचिडीतून, डोकेदुखी-पोटदुखीतूनही दिसतं. मुलं त्याला 'टेन्शन' म्हणतात, तोच शब्द वापरा.

उत्तर २: नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याबद्दल आहे. तिथे १ गुण जरी आला तरी बेरीज बघत बसू नका. त्याच दिवशी एकट्याशी बोला: काही ठरवलंय का, साधन हाताशी आहे का? धोका दिसला तर एकटं सोडू नका, विश्वासातल्या मोठ्या माणसाला सामील करून रुग्णालयात न्या. 'कुणाला सांगणार नाही' असं वचन आधी देऊन बसू नका, कृपा करून.

उत्तर ३: टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन: १४४१६, मोफत, २४ तास. फोन घरात एकच असतो, म्हणून कॉल तुमच्या फोनवरून लावून द्या.