पुणे–कोल्हापूर–आडिवरे, सोबत ७४ वर्षांची आई : घाट कोणता धरावा आणि पाखाडी कशी उतरावी?

नमस्कार मंडळी,

८ ते १२ नोव्हेंबर असे पाच दिवस आम्ही घरच्या गाडीने निघतोय. मी, नवरा, चौथीतला मुलगा, सहा वर्षांची मुलगी आणि माझी आई. आईच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन दीड वर्ष झालं. सपाटीवर छान चालते, पण दीड तास बसली की गुडघा आखडतो. पायऱ्या चढायचं तिला काही वाटत नाही, उतरायची मात्र फार धास्ती घेतलीय.

जायचं खरं कारण मावशी. राजापूर तालुक्यात आडिवऱ्याजवळ राहते, वय ८१. दोघी बहिणींची सहा वर्षांत भेट नाही. मावशीला ऐकू कमी येतं, त्यामुळे रोज संध्याकाळी आई फोनवर ओरडून दिवसभराचं सगळं सांगते आणि तिकडून एकच प्रश्न येतो, "येतेस ना गो?" आईने पिशवी आत्ताच भरून ठेवलीय. मावशीला दात नाहीत, म्हणून आलेपाकाच्या वड्यासुद्धा मऊसर करून घेतल्यात.

पहिला मुक्काम कोल्हापूरला आत्याकडे. "एका रात्रीसाठी येणार असाल तर येऊच नका," असं तिने बजावलंय, म्हणून दोन रात्री धरल्यात. पण ९ ते ११ नोव्हेंबर म्हणजे अंबाबाईचा किरणोत्सव. मावळतीची किरणं देवीच्या चरणांपासून वर सरकत जातात ते बघायची आईची इच्छा आहे, पण त्या गर्दीत तिला उभं करवेल का? सकाळी लवकर जाऊन मुखदर्शन घेतलं तर रांग कितपत असते?

मुलाला शिवाजी महाराजांचा इतिहास पाठ आहे, त्यामुळे पन्हाळा त्याला बघायचाच आहे. गाडी गडावर आतपर्यंत जाते, तीन दरवाजा आणि अंबरखाना आईलाही जमेल असं वाटतं. त्याला पावनखिंडही हवीय. १६६० ची ती रात्र तो आम्हाला दिवसातून दोनदा सांगतो. खिंडीत उतरायला पायऱ्या आहेत, तेव्हा आई गाडीतच थांबेल. पण मलकापूरकडून आत जाऊन परत यायला किती वेळ धरावा? त्यापायी मावशीकडे पोचायला अंधार होणार असेल तर खिंड पुढच्या वेळी. मी त्याला समजावेन.

आता घाट. मलकापूरहून आंबा घाट उतरून साखरपा, पाली आणि मग महामार्गाने लांजा, ओणी असं जावं, की अणुस्कुरा उतरून पाचलमार्गे थेट ओणी गाठावं? नकाशावर अणुस्कुरा जवळचा दिसतो. पण मुलीला गाडी लागते आणि आईला मध्येमध्ये उतरून चार पावलं टाकायला चांगली जागा हवी. कमोड असलेलं स्वच्छतागृह अणुस्कुऱ्याच्या वाटेवर आहे का? आईला खाली बसता येत नाही, त्यामुळे ही अडचण माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठी आहे. पावसाळ्यानंतर नुकतंच कोणी त्या रस्त्याने गेलं असेल तर कृपया कळवा.

आणि आता ज्यासाठी मुख्यतः लिहितेय ते. मावशीचं घर रस्त्यापासून खाली आहे. चिऱ्यांची पाखाडी, चाळीसेक पायऱ्या, कठडा नाही, आणि नोव्हेंबरात सावलीतल्या चिऱ्यांवर शेवाळ असतंच. मावशी आता वर येऊ शकत नाही. वाडीतले दोन मुलगे म्हणाले, खुर्चीत बसवून नेऊ. पण खुर्ची कोणती घ्यावी, प्लास्टिकची की लाकडी? पुढचा आणि मागचा यांनी कशी धरावी? उतरताना तोंड डोंगराकडे ठेवलं तर भीती कमी वाटते का? आपल्या माणसांना असं कोणी नेलं असेल तर अगदी बारीकसारीक सांगा. चुन्याने किंवा ब्लीचिंग पावडरने शेवाळ जातं का? जात असेल तर आधी दोन दिवस भाच्याला सांगून ठेवते.

परतताना पूर्णगडचा पूल ओलांडून पावसला स्वामी स्वरूपानंदांचं दर्शन, रात्री रत्नागिरी, दुसऱ्या दिवशी मुलांना थिबा राजवाडा दाखवून चिपळूण, कुंभार्ली घाट, कराड करत पुणे. यातलं काहीही गाळायला आम्ही तयार आहोत. आईने कालच सांगितलं, "मला एकदा ताईच्या पडवीत नेऊन बसवा, बाकी तुम्ही कुठे फिरायचं ते फिरा."