सर्क्युलर आरएनए: पेशीचा कचरा की कामाचा माल?

मोर्शीकर सर:
बारावीत आरएनए (डीएनएवरून उतरवलेली प्रत) म्हणजे सरळ धागा एवढंच पोरायले समजते. पण दोन्ही टोकं जुळून गोल झालेले आरएनए माणसाच्या पेशीत हजारो प्रकारचे सापडले आहेत, मेंदूत तर लयच, आणि तरी लोक त्याले स्प्लायसिंगचा (कच्च्या आरएनएचे नको ते तुकडे कापून बाकीचे जोडायच्या कामाचा) कचरा म्हणतात, हे मले पटत नाही. पेशीनं विनाकारण एवढं जपून ठेवलं असतं का?

बायोटेकवाली, अमरावती:
सर, जपून ठेवलं नाही, ते उरलं. स्प्लायसिंगमध्ये पुढच्या एक्सॉनचं (ठेवायच्या तुकड्याचं) शेपूट मागच्या एक्सॉनच्या तोंडाला जोडलं गेलं की गोल होते, त्यालाच बॅकस्प्लायसिंग म्हणतात. आरएनए खाणारे बरेच एन्झाइम टोकापासून कुरतडतात, इथं टोकच नाही म्हणून तो टिकते. न्यूरॉनचं विभाजन होत नाही, मग तिथं साचणारच ना? बहुतेक गोल आरएनए तर पेशीमागे एक प्रत सुद्धा भरत नाहीत.

मोर्शीकर सर:
बहुतेक म्हणजे सगळे नाही ना ताई! सीडीआर१एएस हा गोल आरएनए घ्या, २०१३ मध्ये त्याच्यावर मायक्रोआरएनए-७ (जनुकांचं काम दाबणारा चिमुकला आरएनए) चिकटायच्या ७० च्या वर जागा सापडल्या. २०१७ मध्ये उंदरातून तो काढून टाकला तं त्याच्या मेंदूची आवाज गाळून घ्यायची ताकदच बिघडली. कचरा काढल्यावर कोणाचं काही बिघडते का?

बायोटेकवाली, अमरावती:
पण त्याच प्रयोगात मायक्रोआरएनए-७ वाढायच्या ऐवजी कमी झाला, म्हणजे गोल आरएनए मायक्रोआरएनए शोषून धरते ही "स्पंज" ची गोष्ट जशी रंगवली तशी सरळ नव्हती. आणि एवढ्या जागा असलेले गोल आरएनए अगदी मोजकेच. त्या एकावरून हजारोंना कामाचे म्हणू नका, एकेकाचा पुरावा द्या.

संत्रावाला, वरूड:
सर, ताई, उंदीर राहू द्या बाजूले, आमच्या बागेत या. एक्सोकॉर्टिस या संत्र्याच्या रोगाचा वायरॉइड (विषाणूहूनही लहान रोगकारक) म्हणजे नुसता गोल आरएनए, ३७० च्या आसपास अक्षरं, प्रोटीन एकही बनवत नाही, तरी रंगपूर लाइमच्या खुंटावर (मुळाच्या झाडावर) कलम केलेल्या झाडाची साल फाडून त्याले खुजं करून टाकते. जंबेरी खुंटावर म्हणे लक्षण सहसा दिसत नाही पण झाडात असू शकते. मग गोल आरएनए काही करत नाही असं कसं म्हणता?

बायोटेकवाली, अमरावती:
दादा, तुमचं म्हणणं भारी आहे पण तो परजीवी आहे, झाडाचा स्वतःचा नाही. वायरॉइड स्वतःच्या प्रती काढतो, आपले गोल आरएनए तसं करत नाहीत. फक्त एवढं मानते की प्रोटीनशिवाय गोल आरएनए पेशीत उलथापालथ करू शकतो.

मोर्शीकर सर:
अन् प्रोटीनही बनतेच की, सर्क-झेडएनएफ६०९ हा गोल आरएनए स्नायूपेशीत प्रोटीन बनवू शकते हे २०१७ मध्येच दाखवलं. पुरावा एकेक करून येते म्हणून बाकीच्यायले आत्ताच कचऱ्यात टाकणं म्हणजे शोधणंच बंद करणं.

बायोटेकवाली, अमरावती:
शोधा ना, पण काम सिद्ध व्हायच्या आधी काम आहे असं पोरांना शिकवू नका.

संत्रावाला, वरूड:
ताईचं हे 'आधी तपासा' कलमवाल्यायले पण सांगा. डोळा (कलमाची कळी) भरताना चाकू एका झाडावरून दुसऱ्यावर तसाच नेतात, अन् वायरॉइड त्याच्यावरूनच फिरते. स्पिरिटनं पुसून भागत नाही, १ टक्का सोडियम हायपोक्लोराइटात बुडवा, अन् डोळे तपासलेल्या मातृवृक्षाचेच घ्या.