घाईघाईने जाण्याचे इंग्रजी शब्द : आपले अनुभव सविस्तर लिहा

फोंडा, शिक्षिका
गोव्यातली आपली बरीच मुले चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकतात आणि पाचवीत एकदम इंग्रजी माध्यमात जातात. तिथे त्यांना ‘स्करी’, ‘स्कॅम्पर’, ‘डॅश’, ‘बोल्ट’ असे शब्द भेटतात आणि कोशात पाहावे तर बहुतेकांपुढे ‘जोरात धावणे’ एवढेच सापडते. आपल्याकडे क्रियापद साधेच राहते. चालण्याची तऱ्हा सांगायला तरातरा, लगालगा, तुरुतुरु, झपझप, दुडुदुडु असे शब्द त्याच्या आधी येऊन उभे राहतात. इंग्रजीत ते काम बहुधा क्रियापदच करते. म्हणून मी वर्गात अर्थ सांगण्याआधी विचारते, की कोण पळते आहे आणि कशासाठी? उंदीर लहान लहान पावलांनी आडोशाला पळाला तर ‘स्करी’, कुत्र्याचे पिल्लू बागडत पळाले तर ‘स्कॅम्पर’, घोडा बिथरून उधळला तर ‘बोल्ट’. हे दोन प्रश्न विचारले की मुले कोश न उघडताही शब्द नेमका निवडतात. आपापल्या कामात हे शब्द कसे भेटले, ते कृपया लिहावे.

वास्को, बंदरात नोकरी
माझा शब्द ‘स्कटल’. किनाऱ्यावर संध्याकाळी वाळूच्या रंगाची कुर्ली पाहावी. ती तिरकी धावते, बिळाच्या तोंडाशी क्षणभर थांबते, देठांवरचे डोळे उभारून आपला अंदाज घेते आणि दिसेनाशी होते. जमिनीलगतची, तुटक पावलांची, लपण्यासाठी केलेली ही धाव म्हणजे ‘स्कटल’, आणि माणसासाठी हा शब्द वापरला तर त्यात थोडा कमीपणा येतो. मात्र बंदरात हाच शब्द अगदी वेगळ्या अर्थाने कानावर पडतो. 9 मार्च 1943 च्या रात्री, गोवा तटस्थ पोर्तुगालच्या ताब्यात असताना, कलकत्त्याहून आलेल्या ब्रिटिश स्वयंसेवकांनी मुरगाव बंदरातल्या ‘एरनफेल्स’ या जर्मन जहाजावर छापा घातला. तेव्हा शेजारच्या जहाजांवरील खलाशांनी ती शत्रूच्या हाती लागू नयेत म्हणून स्वतःच पेटवून बुडवली. आपले जहाज असे जाणूनबुजून बुडवणे, यालाही इंग्रजीत ‘स्कटल’च म्हणतात. उच्चार आणि लेखन एकच असले तरी कुळे निराळी आहेत. जहाजाचा शब्द डेकवरच्या झडपेच्या नावावरून आलेला आहे.

म्हापसा, वकील
‘रश’ आणि ‘रॅश’ यांची गल्लत मला तक्रारअर्जांत वारंवार दिसते. भारतीय न्याय संहितेच्या कलम 281 मध्ये, म्हणजे पूर्वीच्या दंड संहितेच्या कलम 279 मध्ये, जो शब्द आहे तो ‘रॅश’, आणि त्याचा अर्थ बेदरकार. गाडी सावकाश चालली असली तरी ती चालवणे बेदरकार असू शकते, आणि घाईत असलेला चालक नियम पाळूनही जाऊ शकतो. शिवाय शुक्रवारच्या बाजाराला आपण ‘बसला रश होता’ म्हणतो, तेव्हा आपल्याला केवळ गर्दी अभिप्रेत असते. परदेशी पाहुण्याला त्यातून धांदलच जाणवते.

पणजी, वृत्तपत्रात अनुवादक
वकीलसाहेबांच्या ‘रश’ला मी एक जोड देतो. अपघाताच्या इंग्रजी बातमीत जखमीला बांबोळीच्या इस्पितळात ‘रश’ केल्याचे लिहिलेले असते. इथे जखमी स्वतः घाई करत नाही, त्याला दुसरे कोणी नेते. नवे सहकारी त्याचे ‘घाईने नेले’ असे करतात. मी ते खोडून ‘तातडीने हलवले’ असे लिहितो, कारण घाईत हलगर्जीची छटा आहे आणि तातडीत प्रसंगाचे गांभीर्य आहे.

याहून फार जपून वापरावा असा शब्द म्हणजे ‘स्टॅम्पीड’. मे 2025 मध्ये शिरगावच्या श्री लईराई देवीच्या जत्रेत भाविकांचे बळी गेले, तेव्हा इंग्रजी मथळ्यांत सर्वत्र हाच शब्द होता. तो मेक्सिकोतल्या स्पॅनिशमधून आला आणि मुळात बिथरून उधळलेल्या गुराढोरांच्या कळपासाठी होता. तो वाचला की लोक सैरावैरा धावले आणि त्यांनीच एकमेकांना तुडवले, असे चित्र उभे राहते. अशा दुर्घटनांत पुष्कळदा माणसाला पाऊल उचलायलाही जागा नसते. चहूबाजूंनी छाती दाबली जाते आणि श्वास कोंडून मृत्यू येतो. म्हणूनच गर्दीच्या व्यवस्थापनाचे अनेक अभ्यासक ‘क्राउड क्रश’ म्हणणे पसंत करतात. आपल्या ‘चेंगराचेंगरी’त धावण्याचा मागमूस नाही, माणसे चिरडली गेली एवढेच तो शब्द सांगतो आणि मेलेल्यांच्या माथी दोष मारत नाही. घटनेचे कारण ठरण्याआधी मथळा लिहावा लागतो, तेव्हा ही सावधगिरी बाळगणे मला अत्यावश्यक वाटते.

कळंगुट, हॉटेलात स्वागतकक्ष
कोंकणीत ‘बेगीन या’ म्हटले तर कोणाला राग येत नाही. पाहुण्याला ‘हरी अप’ म्हटले तर मात्र तो हुकूम होतो. विमान गाठायचे असेल तर आम्ही ‘वी शुड लीव्ह सून’ असे म्हणतो. आणखी एक गोष्ट नव्या मुलांना आवर्जून सांगते, की ‘फास्टली’ असा शब्द प्रमाण इंग्रजीत नाही. ‘फास्ट’ किंवा ‘क्विकली’ म्हणावे.

डिचोली, क्रीडा प्रशिक्षक
‘स्प्रिंट’ म्हणजे पूर्ण ताकदीने थोडे अंतर धावणे, तर ‘डॅश’मध्ये बहुधा समोर गाठायचे काहीतरी असते. रायबंदरच्या धक्क्यावर फेरीबोट सुटायच्या बेतात असताना चोडणचा माणूस शेवटची धाव घेतो, तो ‘डॅश’. या शब्दाचा जुना अर्थ आदळणे, आपटणे असा आहे आणि आशा धुळीला मिळाल्या की इंग्रजीत त्याही ‘डॅश’च होतात.

साखळी, निवृत्त कारकून
‘हेस्ट’ राहून गेला. ‘मोअर हेस्ट, लेस स्पीड’ या म्हणीत त्याला दूषण आहे, तसेच आपल्या घाटरस्त्यांवरच्या ‘अति घाई, संकटात नेई’ या पाटीत आहे. पण त्याच्याच क्रियापदात, ‘हेसन’मध्ये, हा दोष उरत नाही. कार्यालयीन पत्रात ‘आय हेसन टू अ‍ॅड’ आले, तर लिहिणारा घाईत आहे असे समजू नये. आपल्या आधीच्या वाक्याने गैरसमज होऊ नये म्हणून तो लगेच खुलासा करत असतो. मी त्याचे मराठी ‘येथे हेही स्पष्ट करणे आवश्यक आहे’ असे करीत असे, आणि साहेबांनी त्यावर कधी हरकत घेतली नाही.