ऐरोलीत रो-हाउसचा दर्शनी भाग करायचाय, बजेट २ लाख. सल्ला हवा

खाडीवारा: ऐरोलीत सिडकोचं जुनं रो-हाउस आहे, तळ अधिक एक. समोरच्या भिंतीच्या रंगाचे पापुद्रे निघतायत, गेट गंजलंय. पावसाआधी काम आटपायचंय. बजेट २ लाख, वर एक रुपया नाही. दिसायला बरं हवं आणि उद्या विकायची वेळ आली तर भावही यावा. मला दगडी क्लॅडिंग (भिंतीवर लावलेल्या दगडी फरशा) आवडतंय, हे म्हणतात नुसता रंग. काय करू?

नेरुळचा_नाना: आम्ही पूर्ण फ्रंटला एचपीएल (लॅमिनेटचे पॅनेल) लावलं. साडेसहा लाख गेले, पण लोक गाडी थांबवून बघतात. करायचं तर एकदाच करा.

खाडीवारा: नाना, २ लाख लिहिलंय हो.

मोगरा७: गेट एसएसचं (स्टेनलेस स्टीलचं) करा. गंजतच नाही.

वेल्डिंगवाला_कळवा: कोण म्हणतं? खाडीच्या हवेत ३०४ ग्रेडच्या एसएसवर तांबूस ठिपके येतात. ३१६ ग्रेडमध्ये मॉलिब्डेनम हा धातू असतो, ते जास्त टिकतं, पण महाग. त्यापेक्षा एमएसचं (साध्या लोखंडाचं) गेट पूर्ण वेल्डिंग झाल्यावर हॉट डिप गॅल्वनाइज करा (वितळलेल्या जस्तात बुडवून घ्या), मग रंग. जीआय (आधीच जस्त चढवलेले) पाइप आणून जोडलेत तर वेल्डपाशी जस्त जळतं आणि गंज तिथूनच सुरू होतो.

मोगरा७: आमच्या गेटला अजून काही झालेलं नाही.

वेल्डिंगवाला_कळवा: राहता कुठे?

मोगरा७: बदलापूर.

वेल्डिंगवाला_कळवा: मग बरोबर, खाडीपासून लांब.

कोबा_काका: ताई, पापुद्रे सुटतायत म्हणजे बहुतेक भिंतीत ओल आहे. पॅरापेटच्या (गच्चीच्या कठड्याच्या) माथ्याला भेगा आहेत का, गच्चीच्या कडेचा वाटा (कोपऱ्यातला सिमेंटचा गोल उतार) सुटलाय का, छज्ज्याच्या खालून पाणी तोडणारी खाच आहे का, ते आधी बघा. खाच नसेल तर पाणी छज्ज्याखालून उलटं भिंतीवर येतं. गच्चीच्या कोब्यावर (वरच्या सिमेंटच्या थरावर) ठोकून पाहा, पोकळ वाजलं तर तिथे कोबा सुटलाय. ओल्या भिंतीवर क्लॅडिंग म्हणजे ओल आत कोंडणं. आणि वरच्या मजल्यावर नुसत्या सिमेंटने दगड चिकटवू नका, क्लॅम्प हवेत. सुटला तर डोक्यात पडेल.

नेरुळचा_नाना: एचपीएलला हा प्रश्नच नाही, मागे हवा खेळते.

कोबा_काका: पाणी वरून येतंय नाना, हवा काय करणार?

सांजवेळ: काकांना +१, आधी वॉटरप्रूफिंग. आणि बाहेरून साधी पुट्टी मारू देऊ नका. आमच्या रंगवाल्याने मारली, पहिल्याच पावसात खपल्या.

घोडबंदर_टॉवर: तुमची भिंत तरी तुमची आहे. आमच्या कमिटीने अख्ख्या बिल्डिंगला जांभळा निवडलाय.

मोगरा७: जांभळा?? फोटो टाका.

कोबा_काका: जांभळ्यासाठी वेगळा धागा काढा. ताई, पुढे शेड वाढवायचं किंवा गॅलरी बंद करायचं मनात असेल तर आधी महापालिकेत विचारा. घेणाऱ्याची बँक मंजूर नकाशा बघते. भाव तिथे पडतो, रंगामुळे नाही.

खाडीवारा: सगळ्यांचे आभार. ठोकून पाहिलं, दोन ठिकाणी पोकळ वाजतंय. काका, पटलं तुमचं. पण मेमध्ये दिरांचा साखरपुडा दारात आहे, पाहुणे गच्ची बघणार नाहीत. खालच्या मजल्याला जांभ्याचं क्लॅडिंग आणि एसएसचं गेट ठरवलंय. गच्ची दिवाळीनंतर.

कोबा_काका: दिवाळीच्या आधी पावसाळा येतो. निदान पॅरापेटच्या भेगा तरी भरून घ्या, आणि जांभ्यावर सीलर मारा, तो दगड पाणी पितो.

मोगरा७: छान निर्णय! सांगितलं होतं ना, एसएसच.

वेल्डिंगवाला_कळवा: ग्रेड बिलावर लिहून घ्या. चुंबक लावून कळत नाही, ३०४ आणि ३१६ दोन्हींना तो धड चिकटत नाही.