रात्रीची गस्त रहिवाशांनी घालावी का?

धनकवडीकर: पुण्यात आमच्या भागात परवा पुन्हा रस्त्यावरच्या गाड्यांच्या काचा फुटल्या. सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर फोटो, दुपारी संताप आणि रात्री तोच प्रस्ताव: काठ्या घेऊन आपणच फिरू. माझा विरोध आहे. पोलिसांना मदत करणारे पोलीस मित्र व्हा, आपला भाग सांभाळणाऱ्या पोलिसाचा, म्हणजे बीट अंमलदाराचा नंबर घ्या, भाडेकरूची माहिती ठाण्यात द्या, पण काठी घरी राहू द्या. कोयते नाचवत गाड्या फोडणाऱ्यांत अनेकदा अल्पवयीन पोरं सापडतात. त्यांच्यासमोर आपला निवृत्त काका उभा राहिला तर काय होईल, याचा विचार कुणी केलाय का?

बिबवेवाडीचा रहिवासी: विचार करूनच बोलतोय. आमच्या गल्लीत पोरं ओरडत गाड्या फोडत होती, मी 112 ला फोन लावला. गस्तीवरचे पोलीस मार्शल आले तोवर रस्ता मोकळा. 2024 मध्ये आंबेगाव, नांदेड सिटी, बाणेर, खराडी, वाघोली, फुरसुंगी, काळेपडळ अशी सात ठाणी नवी झाली. चांगलंच झालं, पण ठाणं वाढलं म्हणून रात्री दोन वाजता गल्लीच्या तोंडाशी शिपाई उभा असतो का? आणि गुन्हेगाराला पकडायचा हक्क कायद्यानेच नागरिकाला दिलाय.

धनकवडीकर: दिलाय, पण केवढा? भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 40 वाचा. गुन्हा तुमच्यासमोर घडलेला हवा, दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा) आणि अजामीनपात्र हवा, नाहीतर समोरचा घोषित गुन्हेगार हवा. त्यालाही सहा तासांच्या आत पोलिसांकडे द्यायचं. नुसती काच फोडणं यात बसेलच असं नाही. संशयावरून कुणाला अडवून ठेवलंत, तर गुन्हा तुमच्यावरच.

पर्वती पायथा: संशय कुणावर येतो तेही लिहा ना. मी जनता वसाहतीत, झोपडपट्टीत राहते. माझा भाऊ हॉटेलातलं काम संपवून रात्री एकला घरी येतो. एका सोसायटीच्या गस्तवाल्यांनी त्याला गेटसमोर थांबवलं, "कुठला रे तू?" म्हणत डबा उघडायला लावला. डब्यात उरलेला पुलाव होता. तेव्हापासून तो लांबच्या रस्त्याने येतो. दादा, तुमच्या सुरक्षेत आम्ही आहोत की नाही?

बिबवेवाडीचा रहिवासी: ताई, ते चुकीचंच झालं. पण म्हणून आम्ही खिडकीतून बघत बसायचं?

धनकवडीकर: बसायचं नाही. भिवंडी 1970 आणि 1984 मध्ये हिंदू-मुस्लिम दंगलीत जळाली. 1988 मध्ये तिथे आलेले पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. पोलीस आणि दोन्ही समाजांची साधी माणसं नियमित एकत्र बसू लागली. डिसेंबर 1992 मध्ये मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली. दंगल वेगळी, तोडफोड वेगळी, हे मान्य. पण ओळख आधी झालेली असली की कुठला मुलगा कुणाच्या नादी लागलाय, हे काच फुटण्याआधी कळतं. तशी बैठक आपल्याकडे महिन्याला व्हावी. ठाण्यात नको, शाळेच्या वर्गात व्हावी. वसाहतीतली आणि सोसायटीतली माणसं एकाच बाकावर बसावीत. नाल्याकडेच्या कोपऱ्यावरचे तीन दिवे बंद आहेत, ते कुणी लावायचे आणि कधीपर्यंत, हे वहीत लिहून खाली बीट अंमलदाराची सही घ्यावी.

पर्वती पायथा: रविवारी ठेवा, मी वसाहतीतल्या चार-पाच बायकांना घेऊन येते. आमच्या पोरांची नावं आम्हाला तुमच्याआधी कळतात.

बिबवेवाडीचा रहिवासी: मीही येतो. पण महिन्याभरात ते दिवे लागले नाहीत, तर आमच्या गल्लीत गस्त सुरू होणार. अडवणार कुणाला नाही, शिट्टी मात्र वाजवणार.