स्वेटर आटत नसेल तर आधी धागा तपासा

जुना स्वेटर मुद्दाम आटवून त्याचं फेल्ट, म्हणजे घट्ट, जाड कापड करायचं होतं, पण गरम पाण्यातून दोनदा काढूनही तो तसाच राहिला, असं तुम्ही लिहिलंय. माझ्या मते दोष पाण्याचा नाही, धाग्याचा असावा. लेबलवर 'सुपरवॉश' असेल तर विषयच संपला. फेल्ट होतं ते लोकरीच्या तंतूंवरचे बारीक खवले एकमेकांत अडकून, आणि सुपरवॉशमध्ये ते खवले रसायनाने घालवलेले किंवा थराखाली झाकलेले असतात. अ‍ॅक्रिलिकला तर खवले नसतातच.

लेबल नसेल तर आतल्या बाजूचा एक धागा चिमट्यात धरून सिंकवर पेटवून बघा. लोकरीला जळक्या केसांचा वास येतो, राख बोटांत चुरगळते. अ‍ॅक्रिलिक वितळतं आणि गार झाल्यावर टणक गोळी होते.

लोकर खरी निघाली तर बटणं काढून स्वेटर उशीच्या अभ्र्यात बांधा, नाहीतर सुटलेली लव मशीनच्या फिल्टरमध्ये जाते. सोबत जुनी जीन्स टाका, ६० अंशांवर लावा. नुसत्या उष्णतेने काम होत नाही, घासलं जाणं तितकंच गरजेचं. साबण मात्र बेताचा. फेस जास्त झाला की घर्षणच कमी होतं. टाके दिसेनासे झाले की थांबा आणि मग बिनधास्त कात्री चालवा, कडा उसवत नाहीत.

बाह्या कृपया टाकून देऊ नका! बाटलीला कव्हर म्हणून त्या जवळजवळ तयारच असतात, फक्त तळाला गोल तुकडा शिवायचा.